उघडं ठेवलेलं पान

२ मार्च

पोचलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाची भांडी सापडली आणि चहा झाला, म्हणजे घर लागलं असं म्हणायला हरकत नाही. चौथा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, हॉलला बाल्कनी. भिंतींना नुकताच रंग दिलाय, त्याचा वास जेवणातही येतो. मी नाक मुरडलं तर कोच म्हणाला की वास चांगला आहे, पहिल्या दिवशीच्या शाळेसारखा.

कोच म्हणजे माझा नवरा. पोहायला शिकवायचा, त्यामुळे शिकणारी पोरं त्याला कोच म्हणायची, मग त्यांचे आईबाप, शेवटी मीही. दोन वर्षांपूर्वी मेंदूत ताप गेला. हॉस्पिटलातून घरी आला तो एक देखणा, सभ्य पाहुणा. चहा संपेपर्यंत मी कोण हे लक्षात राहायचं, कप विसळून होईपर्यंत गेलेलं असायचं. रोज सकाळी मी माझ्या नवऱ्याला माझी ओळख करून द्यायचे. कधीकधी तो लाजायचा आणि विचारायचा, खरंच का तुम्ही माझ्याशी लग्न केलंत? बरं वाटायचं आणि जीव जायचा, दोन्ही एकदम.

आता त्याच्या कानामागे आठवणी सांभाळणारी डबी आहे, शर्टाच्या बटणाएवढी. हिवाळ्यात बसवली. ती बनवणाऱ्या कंपनीला माझ्यासारखं यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमचं काम जाणणारं माणूस हवं होतं आणि मला माझा नवरा हवा होता, असा तो सौदा जमला आणि आम्ही या गावात आलो.

आज दुपारी मी खोकी उपसत होते तर मागून आवाज आला, "साहेब, चमचे डाव्या खणात ठेवलेत." साहेब म्हणजे मी. लग्नाआधी त्याच्या तलावाचा फॉर्म भरताना मी त्याच्या दोन चुका काढल्या होत्या, तेव्हापासूनचं नाव. मी फ्रिजच्या मागे काहीतरी पडल्यासारखं केलं आणि तिथे वाकून थोडं रडून घेतलं.

५ मार्च

ऑफिसचा पहिला दिवस. तळमजल्यावर दवाखाना, वर आम्ही. मालकीणबाई स्वतः मेंदूच्या डॉक्टर, सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणतात. बोलताना पेन्सिलीला टोक करत बसतात, त्यामुळे टेबलावर कायम सालपटं. माझ्या शेजारी लांबू बसतो. दार कितीही उंच असलं तरी सवयीने वाकूनच आत येतो. जिथे सगळ्या डब्या जोडल्यात त्या केंद्रातल्या मोठ्या यंत्रांचं काम त्याच्याकडे, डबीच्या पोटातलं माझ्याकडे.

संध्याकाळी कोचला सगळं समजावून सांगितलं, तसंच इथे लिहिते. माणसाच्या आठवणी डबी पानांवर ठेवते. डबीत मावतात थोडीच. बाकीची केंद्रात असतात आणि लागेल ते पान डबी तत्क्षणी मागवून घेते. प्रत्येक पानाला खुणा असतात. हे पान वाचता येईल का, यावर लिहिता येईल का, आणि यावर आहे तसं शरीराला करता येईल का. या खुणा बदलायचा अधिकार एकट्या कर्नलला, म्हणजे यंत्राच्या सगळ्यात आतल्या प्रोग्रॅमला. आणि कर्नलमधला हा भाग आता माझ्या ताब्यात.

कोच नीट ऐकून घेत होता. मग उठून उभा राहिला, खाडकन टाच जुळवली आणि सलाम ठोकला. म्हणाला, आजवर साहेब होतीस, आता कर्नल झालीस, माझं कसं व्हायचं.

१३ मार्च

आज तलावावर गेलो होतो. गावाचाच तलाव आहे, जुनाट पण पाणी स्वच्छ. मी काठावर बाकावर. कोच शेजारच्या एका बाईला हात कसा फेकायचा, श्वास कधी घ्यायचा हे इतकं सुरेख समजावत होता की मी सुखावले. मग त्याने सूर मारला आणि दगडासारखा तळाला गेला.

तलावावरच्या माणसाने ओढून काढला. खोकत काठावर बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. मला म्हणाला, सगळं आठवतंय गं, पण यांना सांगता येत नाहीये.

मी ओल्या चपलांनी तशीच ऑफिसात गेले. पोहण्याची पानं उघडून बघितली. वाचायची खूण होती. करायची खूण नव्हती. पान केंद्रातून डबीत येताना ती वाटेत गळून पडत होती, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुरुस्ती चार ओळींची.

२१ मार्च

कोच पोहला.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिथे उलटी मारून परत. पाण्याबाहेर डोकं काढून त्याने मला शोधलं आणि मी दिसल्यावर हसला. दवाखान्यातल्या इतर पेशंटांनाही त्या दुरुस्तीचा उपयोग झाला. एक म्हातारे शिंपी आहेत, दर गुरुवारी मुलीबरोबर येतात. त्यांना शिलाई तोंडपाठ होती पण हातात सुई धरता येत नव्हती. आज त्यांनी डॉक्टरबाईंच्या कोटाची उसवलेली बाही जागच्या जागी शिवून दिली. डॉक्टरबाई दिवसभर ती बाही लोकांना दाखवत हिंडत होत्या.

४ एप्रिल

एक गोष्ट इथेही लिहायचं टाळत होते.

माझे सासरे गेल्या वर्षी गेले. कोच तेव्हा आजारी, त्याला काही कळलंच नाही. आता त्याला वडील आठवतात, पण जिवंत आठवतात. दर दोन-तीन दिवसांनी विचारतो, बाबांचा फोन कसा नाही? मी सांगते. तो हातातलं ठेवतो, खाली बसतो आणि रडतो, पहिल्यांदा कळल्यासारखा. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच असतं. मग परवा पुन्हा तेच.

नवीन गोष्टी त्याच्या लक्षात राहतात, चमचे, तलाव, लांबूचं नाव. पण जुन्या पानावर नवीन काही चढत नाही. मी आत जाऊन बघितलं. वडिलांच्या पानाला लिहायची खूण नाही. तशी शेकडो पानं आहेत, फक्त वाचायची. का, ते कुठेही लिहिलेलं नाही.

धाकट्या नणंदेचा फोन आला होता. तिला मी गमतीत वन्सं म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. ती म्हणाली, वहिनी, सांगूच नकोस ना त्याला, म्हण बाबा गावाला गेलेत. मी म्हटलं, मग तो वाट बघत बसेल गं.

९ एप्रिल

लांबू रजेवर आहे, त्याच्या बायकोचं बाळंतपण. काल मी फोन केला तर मागे बाळ रडत होतं. तो म्हणाला की ती बंद पानं ही त्याची भानगड आहे, जागेच्या सोयीसाठी केलेली, आल्यावर बसून सांगतो, तोवर राहू दे. मी हो म्हटलं.

घरी आले तर कोच दारातच. बाबांना नवीन पत्ता कळवलास का?

आज सकाळी डॉक्टरबाईंकडे गेले. बंद पानावर लिहायची वेळ आली तर कर्नलने अडवू नये, लिहायची खूण द्यावी, एवढाच बदल. त्यांनी विचारलं, तपासलंयस? मी एका सुट्या डबीवर तपासलं होतं. एकही चूक आली नव्हती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, मग सगळ्यांना देऊ, कितीतरी घरांत हेच रडणं चाललंय.

११ एप्रिल

कोच आज आपण होऊन म्हणाला, "बाबा गेले ना."

विचारत नव्हता, सांगत होता. मी हो म्हटलं. तो खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, मी त्यांना शेवटचं भेटलो नाही, पण तू होतीस ना, बरं झालं. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून भाजी काय करायची ते विचारलं.

कुणाला वाटेल काय बाई आहे, नवऱ्याचं दुःख पक्कं झालं म्हणून हिला आनंद. झाला खरा. आज आम्ही दोघं मिळून त्यांच्यासाठी रडलो. एकत्र, एकदाच.

१७ एप्रिल

कोचने माझ्या ब्लाउजचं बटण लावून दिलं. दोरा दातांनी तोडला, गाठ बोटावर फिरवून मारली. मी थक्क. म्हटलं, हे कधी शिकलास? तो म्हणाला, चाळीस वर्षं हेच तर करतोय. मग स्वतःच गोंधळला आणि हसला. मीही हसले.

वन्संला फोनवर सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, दादाला सुई दिसली तरी घाम फुटायचा.

१९ एप्रिल

दुपारी ऑफिसातून जेवायला घरी आले. कोच बाल्कनीत उभा राहून रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, मुलगी अजून आली नाही, शाळा केव्हाच सुटली.

आम्हाला मूल नाही. व्हावं म्हणून सगळं करून झालं, मग ती गोष्ट आम्ही दोघांनी मिळून गुंडाळून ठेवली. मी सावकाश सांगितलं की आपल्याला मुलगी नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फार अभद्र बोलले होते. मग म्हणाला, पिवळा फ्रॉक मी शिवला तिचा, बाहीला झालर, आणि तू म्हणतेस नाही?

जेवण तसंच राहिलं.

२२ एप्रिल

लांबू परत आला. पेढ्यासारखा गोड चेहरा घेऊन आला होता, बाळाचे फोटो दाखवत होता. मी त्याला कोचचं सगळं सांगितलं आणि मी केलेला बदल दाखवला. तो स्क्रीनकडे बघता बघता खुर्चीवर बसला.

मग सांगितलं. केंद्रात जागा कमी. त्यामुळे दोन माणसांची पानं अगदी सारखी निघाली तर यंत्र एकच पान ठेवतं आणि दोघांना तेच दाखवतं. चेहरे, नावं वेगळी असतात, ती वेगळीच राहतात. पण खाली सारखं खूप असतं. बापाचा हात धरून चालणं, दार उघडल्यावर आपलं माणूस समोर असणं, पाण्याचा पहिला स्पर्श. अशी एकत्र केलेली पानं तो बंद करायचा, म्हणजे एकाचं लिहिणं दुसऱ्याच्या आठवणीत जाऊ नये. कुणाला लिहायचंच झालं तर कर्नलने आधी त्या माणसासाठी पानाची वेगळी प्रत काढायची आणि प्रतीवर लिहू द्यायचं. ती प्रत काढायची पायरीच बिघडली होती. ती दुरुस्त करायची होती.

मी कुलूपच काढून टाकलं.

मी विचारलं, कोचचं पान कुणाशी जोडलंय? त्याने शोधलं. शिंप्याशी. दोघं दिवसभर एकाच पानावर लिहितायत, तिकडून तो, इकडून हा.

डॉक्टरबाईंनी पेन्सिलीला हात लावला नाही. आधीची पानं परत मिळतील का असं विचारलं. लांबू म्हणाला, नाही. लोकांच्या आठवणींच्या जादा प्रती ठेवायच्या नाहीत असं आपणच लिहून दिलंय. डब्या बंद करता येतील का? डॉक्टरबाईच म्हणाल्या, बंद केल्या तर माणसं जिथून आली तिथे परत जातील. उरलं एकच. प्रत्येक डबी नंबराप्रमाणे एकेक करून सोडवायची, पान वेगळं करायचं, कुलूप घालायचं. त्या वेळी त्यावर जे लिहिलेलं असेल ते तसंच पक्कं होईल.

मला कुणीही काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल

दवाखान्यात फोन वाजतायत. एक बाई स्वतःच्या घरात शिरत नाही, हे माझं नव्हे म्हणते. एक माणूस बायकोला बहीण समजतो.

खाली गेले तर शिंपीबाबा माशांच्या काचेच्या टाकीपुढे उभे. टाळ्या वाजवून माशांना सांगत होते, खांदा सैल, मान खाली, घाई नको. शब्द न् शब्द कोचचा. त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. तिने सांगितलं, आई हॉस्पिटलात आहे, फार दिवस नाहीत, आणि बाबा असे करतायत.

म्हाताऱ्याने वळून मला पाहिलं. चेहरा उजळला. हसला. हात पुढे करायची, मान जराशी वाकडी करायची लकब, सगळी कोचचीच.

"या साहेब," म्हणाला.

मी जिना चढून वर आले. कसा ते आठवत नाही.

२५ एप्रिल

लांबूला विचारलं की नेमकं कोणतं पान. तो सांगत नव्हता. मी म्हटलं, मला दिसतंच आहे, तोंडाने सांग. मग म्हणाला, बायकोचं. आपलं माणूस आता आपल्या घरात आहे, ही जी खात्री असते ना, तेवढंच पान. बाकीचं सगळं त्याच वाटेने इकडून तिकडे सांडतंय.

मला वाटायचं ते फक्त आमचं आहे. इतकी वर्षं वाटायचं. यंत्राला तो आणि एक शिंपी यांत काडीचा फरक सापडला नाही.

२७ एप्रिल

शिंपीबाबांची बायको सकाळी गेली आणि दुपारी अंत्यविधीही उरकला. डॉक्टरबाईंनी मला बोलावून सांगितलं आणि लगेच घरी जा म्हणाल्या.

धावत आले. लिफ्ट वर होती, जिन्याने आले. दार सताड उघडं. कोच दारालगतच्या बोळात जमिनीवर बसला होता, पायांत बूट, एकाची नाडी सुटलेली. मी हाक मारली. त्याने वर पाहिलं.

मी माणसाला घाबरताना पाहिलंय. मला बघून कुणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

तो बसल्या बसल्या मागे सरकत गेला, भिंतीपर्यंत. म्हणाला, आत्ताच तुला पोचवून आलो ना मी.

२९ एप्रिल

वन्सं आली. कोच तिला ओळखतो. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो. मी स्वयंपाकघरात राहते, दार लोटून. माझा आवाज आला की तो कान झाकतो.

त्याने तिला माझं मरण सांगितलं. मी दाराआड उभी होते. सांगत होता, शेवटी तिला पाणीही गिळवेना, ओठ ओले करत होतो. हात गार पडत गेला, बोटांपासून. मी चोळत होतो. तिने डोळे उघडले तेव्हा मला वाटलं चूक काढणार आता माझी काहीतरी.

इतक्या मायेने सांगत होता. मला पदराचा बोळा तोंडात धरावा लागला.

१ मे

आज समोर गेले. वन्संने त्याला धरून ठेवलं. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, बघ, गरम आहे. त्याने हात दाबून पाहिला, गालाला लावला. एक क्षण तो होता, माझा, पुरता. म्हणाला, अगं, मला वाटलं—

आणि मग चेहरा विझला. माझ्या डोळ्यांदेखत. तिकडे त्याच वेळी म्हाताऱ्याला रडू आलं असणार. इकडे लिहिलं गेलं.

त्याने माझा हात हळूच खाली ठेवला. झाकून ठेवावा तसा.

३ मे

कोच जेवत नाही. पाणीही वन्संने पाजलं तर.

लांबूने सांगितलं की उद्या कोचचं पान शिंप्यापासून वेगळं करतील. म्हणजे यापुढे नवीन काही येणार नाही. पण जे आहे ते राहील. मी मेलेली राहीन. मी विचारलं, पुसून परत लिहिलं तर? तो म्हणाला, काय लिहिणार? ती खात्री त्याची होती, आपल्याला नाही लिहिता येत.

दुसरं एक करता येतं. पानावर शेवटची खूण. हे पान नाहीच, अशी. मग डबी ते शोधणार नाही. दुःख जाईल. मी पण. आणि ती जागा पुन्हा भरता येणार नाही, रोज ओळख करून दिली तरी.

वन्सं म्हणाली, नको वहिनी. रडतोय म्हणजे तू आहेस त्याच्यात. रडू दे.

४ मे

पान वेगळं झालं. शिंपीबाबांचंही. त्यांची मुलगी आली होती, म्हणाली बाबा आता फक्त आईसाठी रडतात, बरं वाटतं. मला धन्यवाद म्हणाली. मला.

कोच तसाच.

आज वन्संने त्याला बाल्कनीच्या कठड्यावरून मागे ओढलं. एक पाय पलीकडे होता. अगदी शांतपणे म्हणाला, साहेब एकटी असेल गं तिकडे. तिला चमचे सापडत नसतील.

बाल्कनीला कुलूप घातलंय.

५ मे

ती शेवटची खूण करायचीच आहे. आता प्रश्न उरला नाही.

फक्त अजून एकदा तो माझ्यासाठी रडताना ऐकते, मग—

वन्संला सांगितलं. तिने पाठीवर हात ठेवला.

६ मे, दुपार

वन्सं औषध आणायला गेली. मीच पाठवलं. तिच्यादेखत नको.

लॅपटॉप ओट्यावर उघडा आहे. ओळ लिहून झाली आहे. छोटी ओळ. पानाचा नंबर आणि एक शून्य. फक्त बोट ठेवायचं.

ठेवत नाही. लिहितेय.

हॉलमधला आवाज थांबलाय.

दार उघडलं त्याने. स्वयंपाकघराचं. आपण होऊन. मागे सरत नाहीये. घाबरलेला नाही. केस विंचरलेत, इस्त्रीचा शर्ट घातलाय, कुठे निघाल्यासारखा—

समोरच्या खुर्चीवर बसला. बघतोय माझ्याकडे. किती दिवसांनी असा—

विचारतोय, "न्यायला आलीस?"

काय सांगू

माझा डावा हात धरलाय त्याने. दोन्ही हातांत. कसा छान हसतोय. म्हणतोय, उशीर केलास साहेब, मी केव्हाचा तयार आहे. खिडकीकडे बघतोय. या खिडकीला कुलूप नाही, या खिडकीला मी कुलूप—

उठला. हात सोडत नाही. ओढतोय, जोरात नाही, नाचायला ओढावं तसा. वन्सं अजून—

उजवा हात मोकळा आहे. त्यानेच लिहितेय. लिहिणं थांबवलं की तोच हात त्या ओळीवर ठेवायचा आणि मग तो मला

म्हणतोय चल. माझ्या नावाने म्हणतोय. अजून एकदा म्हणू दे, एकदाच, मग

साहेब, म्हणतोय, चल ना, किती